माजिवड्याची बाजू ब

भुताखेतांच्या अनुभवांच्या या सदरात लिहिणारे बहुतेक जण घाबरलेले असतात. मी घाबरलेलो वगैरे नाही... मी वैतागलेलो आहे. इतकी वर्षं झाली, एका रेकॉर्डिंगबद्दल लोक माझी पाठ थोपटतात, आणि ते रेकॉर्डिंग मी केलेलंच नाही. कोणी केलं ते मला माहीत नाही. हे सांगायला गेलं की समोरचा हसतो आणि म्हणतो, सुधीर, तुला स्वतःचं कौतुक करून घेता येत नाही रे.

आधी माझ्याबद्दल. मी डोंबिवली पूर्वेचा. ठाण्याला एका कारखान्यात ड्राफ्ट्समन होतो आणि सुट्टीच्या दिवशी साउंडची कामं करायचो. भूतपिशाच्च, अंगात येणं, कौल लावणं, यातलं काही मी कधी मानलं नाही. स्पीकरमधून चमत्कारिक आवाज आला तर आधी अर्थिंग बघायचं, मग केबल, मग जॅक — एवढाच माझा धर्म. आजवर एकही आवाज असा भेटला नाही ज्याचं कारण शेवटी सापडलं नाही. हा एक सोडून.

ऐंशीच्या दशकात ठाण्यापासून कल्याणपर्यंत ज्यांची कॉलेजं झाली, त्यांना हॅरी पाटील कोण हे सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगतो. खरं नाव हरेश्वर. माजिवड्याचा आगरी. घरची भातशेती, आणि वडील उमेदीत असताना खाडीकडच्या मिठागरावर कामाला जायचे. हा ठाण्याला कॉलेजात गेला, कुठूनतरी एक इलेक्ट्रिक गिटार पैदा केली आणि हरेश्वरचा हॅरी झाला. बँडचं नाव ‘मिठागर’. केस खांद्यापर्यंत, गाणी स्वतःची, आणि तीही बरीचशी घरच्या बोलीत. आवाज असा की माईक हातभर लांब धरायचा, तरी माझ्या मिक्सरच्या सुया लाल पट्टीत.

एवढं असून त्याची धड एक कॅसेट निघाली नव्हती. कंपनीवाले म्हणायचे, हळदीची गाणी कर, उद्या काढतो. तो म्हणायचा, हळदीची गाणी माझी आत्या चांगली गाते, तिला न्या. त्यामुळे दहा-बारा वर्षं गाऊन मागे उरलं काय, तर पोरांनी गर्दीतून टू-इन-वनवर घेतलेल्या खरखरीत कॉप्या.

एक्क्याण्णवच्या दिवाळीनंतर त्याचा घसा बसला तो उठेचना. तपासण्या झाल्या आणि डॉक्टरांनी सांगितलं, स्वरयंत्र काढावं लागेल. माणूस वाचेल, आवाज राहणार नाही. त्याने थोडी मुदत मागून घेतली आणि तीन कार्यक्रम ठरवले — डोंबिवलीला एका शाळेच्या मैदानात, कल्याणला हॉलमध्ये, आणि शेवटचा माजिवड्याला, स्वतःच्या गावात. मला घरी बोलावलं. त्याची बायको मंदावहिनी चहा ठेवून गेल्या. त्या आत जाईपर्यंत तो थांबला, मग म्हणाला, “सुधीर, आवाज जानार तो जानार. पन जायच्या आधी नीट भरून ठेव. तिन्ही कार्यक्रमांतनं एक कॅसेट बनव.”

मी हो म्हणालो. दादा म्हणायचो मी त्याला. त्याने माझ्याकडे याआधी काहीच मागितलं नव्हतं.

डोंबिवली आणि कल्याण व्यवस्थित पार पडलं. आवाज घोगरा होता, पण त्या गाण्यांना तो शोभलासुद्धा. माझा कॅसेट डेक मिक्सरला थेट जोडलेला, रेकॉर्डिंग स्वच्छ. मी खूश होतो.

माजिवड्याचा कार्यक्रम रविवारी दुपारी चारला ठेवलेला, म्हाताऱ्या माणसांना यायला सोपं जावं म्हणून. सगळं गाव आलेलं. समोर सतरंजीवर बायका, मागे खुर्च्या, त्याच्या मागे ठाण्याची कॉलेजची पोरं. पूर्वार्ध पंचेचाळीस मिनिटांत संपला, म्हणजे नव्वद मिनिटांच्या कॅसेटची बाजू अ भरली. मी कॅसेट उलटली, रेकॉर्ड आणि पॉझ ही दोन्ही बटणं दाबून ठेवली, म्हणजे सुरू झालं की फक्त पॉझ सोडायचा. तेवढ्यात स्पीकरमधून हम्, म्हणजे घूंऽऽ असा आवाज, यायला लागला. मी मंडपवाल्याकडे पळालो, अर्थिंगवरून आमची चांगलीच जुंपली, तो म्हणे तुझ्या डेकचा दोष, मी म्हटलं तुझ्या वायरचा. वायर बदलल्यावर हम् गेला. परत आलो तोवर गाणं सुरू झालेलं. डेकवर नजर टाकली — सुया नाचतायत, हेडफोनमध्ये आवाज येतोय. मी निर्धास्त बसलो.

ज्यांनी असे डेक वापरलेत ते आत्ताच कपाळाला हात लावतील. पॉझ दाबलेला असला तरी सुया नाचतात. हेडफोनमध्ये आवाजही येतो. फक्त टेप जागची हलत नाही.

उत्तरार्धात त्याचा घसा गाण्यागणिक जात चालला. शेवटचं गाणं ‘भरती’. हे त्याने वडिलांवर केलेलं. मिठागराचा बांध फुटतो, खाडीचं पाणी आत येतं आणि एक माणूस हाताने चिखल लावत बसतो, एवढंच गाणं. त्याने पहिली ओळ धरली आणि आवाज फाटला. पुन्हा धरली. नुसती हवा आली. ड्रमवर फ्रान्सिस होता, तो थांबला नाही, ठेका धरून राहिला. हॅरी माईकपासून दोन पावलं मागे झाला आणि खाली मान घालून गिटार वाजवत राहिला.

आणि सतरंजीवरून एका बाईने गाणं उचललं. मग तिच्या शेजारणीने. मग सगळ्या मैदानाने. पोरं, म्हाताऱ्या, खुर्च्यांवरचे पाटील-भोईर, सगळे. कोण सुरात, कोण बेसूर. तीन कडवी, अख्खं गाणं गावाने गायलं. मी असं पुन्हा कधी ऐकलं नाही. मी स्वतःही गात होतो, म्हणून तर डेककडे बघितलं नाही.

गाणं संपल्यावर बघितलं. काउंटर शून्यावर. पॉझ खाली. टेप सगळीच्या सगळी एका चक्रीवर, जशी ठेवलेली तशी.

तेवढ्यात फ्रान्सिस घाम पुसत आला आणि विचारलं, आलं ना सगळं? मी म्हटलं, आलं. आणि त्याच्यासमोर सवयीने कॅसेटच्या पाठीवरच्या दोन्ही खुंट्या मोडल्या, म्हणजे चुकून वर काही रेकॉर्ड होऊ नये. मोडताना कळत होतं की मी नाटक करतोय.

दुसऱ्या दिवशी कामावर दांडी मारली आणि घरी बाजू ब पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकली. पंचेचाळीस मिनिटं नुसता सूंऽऽ. ही गोष्ट नीट लक्षात ठेवा, कारण पुढे मला स्वतःलाच ती लोकांना परत परत सांगावी लागली. टेप कोरी होती. मी कोरी ऐकली. मग ती कपाटात शर्टांच्या खाली ठेवली आणि कुलूप लावलं. किल्ली माझ्याकडेच.

पुढच्या आठवड्यात हॅरीचं ऑपरेशन झालं. व्यवस्थित झालं. आवाज गेला. गळ्याला भोक, त्यावर मलमलचं फडकं, आणि हातात मुलाची शाळेची पाटी. मी भेटायला गेलो तर पाटीवर लिहिलं, कॅसेट कुठवर? मी म्हटलं, चालू आहे काम.

माझा बेत ठरलेला. माजिवड्याचा पूर्वार्ध वापरायचा आणि ‘भरती’ कल्याणची टाकायची. शेवटच्या गाण्याच्या वेळी लाइट गेलेले म्हणून सांगू, असं काहीबाही मनात जुळवत होतो. पण फ्रान्सिस हटून बसला. म्हणे, कल्याणची नको, त्यात माझा ठेका चुकलाय. माजिवड्याला गाव गायलं तेच घे, त्याच्यावर कॅसेट संपव. त्याचं म्हणणं शंभर टक्के बरोबर होतं, आणि मी दीड महिना टाळत राहिलो.

एका शनिवारी दुपारी फ्रान्सिस न सांगता डोंबिवलीला घरी आला. बायको माहेरी गेलेली. नेमका त्याच दिवशी मी पूर्वार्ध जोडायला म्हणून ती कॅसेट बाहेर काढलेली. मी स्वयंपाकघरात चहा टाकत होतो आणि बाहेर डेकचं झाकण बंद झाल्याचा आवाज आला. मी गॅस बंद करून हॉलमध्ये आलो. कॅसेट लागलेली होती, बाजू ब. मी मनाशी म्हटलं, संपलं, आता सगळं सांगायचं.

टेपमधून ड्रम आला. मग गिटार.

माजिवड्याचा उत्तरार्ध होता, दुसरं काही असायला जागाच नाही. मधे मंडपवाल्याने एका स्कूटरवाल्याला गाडी काढायला सांगितलेलं, ते होतं. एक तार सैल झाली म्हणून हॅरीने थांबून सूर लावला, ते होतं. फ्रान्सिस मान डोलवत ऐकत होता. मी भिंतीला टेकून उभा. मग ‘भरती’ आली. आणि हॅरी ती गायला. आवाज फाटला नाही, थांबला नाही. तीन कडवी, मोकळ्या गळ्याने, दहा वर्षांपूर्वी गायचा तसा. मागे गर्दी एकदम चूप. त्यातला एकही माणूस गात नव्हता.

फ्रान्सिस रडत होता. मी खाली बसलो आणि त्याला सगळं सांगितलं — पॉझ, काउंटर, दुसऱ्या दिवशी ऐकलेली कोरी टेप, कपाट, कुलूप. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला की टेन्शनमध्ये होतास, पॉझ सोडला असशील, विसरला असशील. मी म्हटलं, ते राहू दे. पण तो गायला नव्हता. गाव गायलं होतं. दीड महिना तूच मला सांगतोयस की गाव गायलं तेच घे.

फ्रान्सिस माझ्याकडे बघत राहिला, आणि मला वाटलं, आता हा म्हणणार, हो रे बाबा, हे काय आहे. पण तो म्हणाला, “शेवटचं कडवं तर तोच गायला ना...” आणि थोड्या वेळाने, स्वतःशीच बोलल्यासारखं, “नाय, गायला तो. गाव मागनं होतं.”

पुढच्या आठवड्यात विचारलं तर म्हणाला, अख्खं गाणं हॅरीच गायला. अगदी सहज. जसं काही याबद्दल वेगळं कोणी कधी बोललंच नव्हतं.

त्यानंतरचे दोन महिने मी जे जे सुचलं ते केलं. पॉझ दाबून पाच वेळा रेकॉर्डिंग करून बघितलं, टेपवर काहीही उमटत नाही. मंडपवाल्याला गाठलं. तो म्हणाला, मिक्सरला तुमच्या डेकशिवाय दुसरं काही लावलेलं नव्हतं. गर्दीतल्या कोणाची कॉपी म्हणावी तर तिच्यात गर्दीच जास्त ऐकू येते, ही थेट मिक्सरची होती. कॅसेट बदलली म्हणावी तर लेबलवर माझं अक्षर, पूर्वार्ध माझाच, खुंट्या मोडलेल्या. कल्याणची ‘भरती’ वर चिकटवली म्हणावी तर दोन्ही एकत्र लावून बघितल्या, लय वेगळी, आणि हिच्यात फ्रान्सिस कुठेच चुकत नाही. आणि हे सगळं घरातल्या वाण्याच्या हिशेबाच्या वहीत लिहून ठेवलं, कारण माझ्याच डोक्यावरचा माझा विश्वास उडायला लागलेला. बायको म्हणाली, चांगलं झालंय ना, मग तुझं दुखतंय कुठे? त्या प्रश्नाचाच मला जास्त राग यायचा.

आपण गायलो की नाही हे पक्कं सांगू शकेल असा एकच माणूस उरलेला, खुद्द हॅरी. मी डेक रिक्षात घालून माजिवड्याला गेलो. त्याला पॉझबद्दल खरं काय ते सांगितलं, हात जोडून माफी मागितली. मग बाजू ब लावली. तो खाटेवर बसून ऐकत होता. ‘भरती’ला त्याची बोटं मांडीवर गिटारच्या जागा धरत होती आणि गळ्यावरचं फडकं खालीवर होत होतं. गाणं संपलं. मी विचारलं, दादा, एवढंच सांग, त्या दिवशी तू गायलास का?

त्याने पाटी घेतली. लिहिलं, ‘हेच टाक.’

मी म्हटलं, टाकतो. पण गायलास का? हो की नाही, एवढंच.

त्याने ओल्या फडक्याने पाटी पुसली. पुसत राहिला, कोरडी होईपर्यंत. मग डेककडे बोट करून खूण केली — परत लाव.

मी परत लावली. करणार काय.

निघताना मंदावहिनी फाटकापर्यंत आल्या. आतला आवाज बाहेरपर्यंत येत होता. त्यांनी मागे वळून एकदा बघितलं आणि हळू आवाजात म्हणाल्या, “भावजी, मी पहिल्या रांगेत होते. हे गायले नव्हते. माझी सासू गात होती, मी गात होते. मला ठाऊक आहे.”

मला इतकं हायसं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं. निदान एक जण. मी म्हटलं, वहिनी, हे तुम्ही फ्रान्सिसला सांगा, त्याला—

त्यांनी मला पुरतं बोलू दिलं नाही. म्हणाल्या, “ऑपरेशन झाल्यापासून ते आज पहिल्यांदा धड बसले. आता हे परत कोणाला विचारू नका. मलाही नको.”

कॅसेट निघाली. आम्हीच काढली, ‘मिठागर लाइव्ह’ नावाने. आत बारीक अक्षरांत ध्वनिमुद्रण म्हणून माझं नाव. मी नको म्हटलेलं, फ्रान्सिसने परस्पर छापलं. ठाण्या-डोंबिवलीत कॅसेटच्या दुकानांत ती वाजायला लागली, गणपतीत मंडपांत लागायला लागली, आणि ‘भरती’ सगळ्यांना पाठ झाली. अनोळखी माणसं थांबवून सांगायची, काय पकडलाय हो तुम्ही आवाज. मी त्या दिवशी हजर असलेल्या माणसांना विचारत सुटलो. सुरुवातीला दोन-चार जण म्हणायचे, आम्ही पण गायलेलो वाटतं... कॅसेट घराघरांत गेल्यावर तेही थांबलं. सगळ्यांना हॅरी गाताना आठवायला लागला. डोळे मिटले होते म्हणाला एक जण. एका बाईने तर त्याच्या शर्टाचा रंगही सांगितला.

हॅरी पुढे दोनेक वर्षं होता. दिवसातून एकदा तरी कॅसेट लावायचा, असं वहिनी सांगायच्या. चौऱ्याण्णवला गेला. गेला तोपर्यंत मी त्याला परत विचारलं नाही, पण विचारायचं मनात आलं नाही अशी एकही भेट नाही.

वर्षश्राद्धाला गावाने त्याच मैदानात संध्याकाळी पाच वाजता कार्यक्रम ठेवला. साउंड माझाच. भाषणं झाली, हार झाले, आणि शेवटी स्टेजवर फोटो ठेवून ‘भरती’ लावायची असं ठरलेलं. मी लावली. समोर सतरंजीवर त्याच बायका, मागे तीच माणसं. सगळे हात जोडून, माना खाली घालून ऐकत होते. पहिलं कडवं गेलं. कोणाचे ओठसुद्धा हलत नव्हते. मी मिक्सरपाशी उभा होतो आणि मला आतून असह्य व्हायला लागलं. ह्याच माणसांनी, ह्याच जागी, त्याच्यासाठी ते गाणं उचललेलं. सगळ्या आयुष्यात ऐकलेला तो सगळ्यात मोठा आवाज, आणि तो मी हरवला — आधी माझ्या पॉझने, आणि मग ह्या टेपने ह्यांच्या डोक्यातूनही पुसला.

दुसऱ्या कडव्याला मी गायला लागलो. मोठ्याने. मला सूर नाही, पण वाटलं कोणीतरी एक उचलेल, एकाने उचललं की सगळ्यांना आठवेल. मंदावहिनी पुढे बसलेल्या, त्यांनी मान वर केली नाही.

सतरंजीच्या कडेला एक म्हातारी बसलेली. हॅरीची आई. तिने वळून माझ्याकडे पाहिलं, रागाने नाही, आणि ओठांवर बोट ठेवलं.

“गप बस रं जरा,” ती म्हणाली. “माझ्या हरीचं गानं आयकू दे.”

मी गप्प बसलो. तिसरं कडवं तो एकटाच गायला. त्या आवाजाचं कारण मला अजून सापडलेलं नाही.